पाय धरणारी

पैलवान कधी आखाड्यात उतरला नव्हता. लहानपणापासून अंगानं दांडगा, म्हणून गल्लीनं ठेवलेलं नाव ते. काम करायचा लिफ्ट दुरुस्तीचं. इमारतींच्या गच्चीवरच्या खोलीत मोटारीशेजारी वाकून बसायचा, तारांना ग्रीस लावायचा, आणि खाली उतरताना मात्र जिन्यानं यायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा, "मी आत बसलो की दुसऱ्याला जागा उरत नाही." हे सांगून आधी स्वतःच हसायचा.

घरात तिघंच. आई, पैलवान आणि त्याच्याहून मोठी बहीण. तिला सगळे ताईच म्हणत, अगदी आईसुद्धा. घराला लागून ताईची लाँड्री होती.

वर्षा-दोन वर्षांतून एकदा पैलवानची झोप उडायची. मग बोलणं वाढायचं, जेवण सुटायचं, डोळे मोठे व्हायचे. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या आणि त्यांचा गुणही यायचा. पण गोळ्यांनी त्याचे हात थरथरायचे. "थरथरत्या हातानं लिफ्टचा ब्रेक बसवला आणि कुणी खाली गेलं, तर?" असं म्हणून तो बरं वाटू लागलं की गोळ्या बंद करायचा. यात त्याचं चुकलं असंही म्हणवत नसे.

त्या दिवशी सकाळी तो अनवाणी लाँड्रीत आला. गावातल्या सगळ्या लिफ्ट आत्ताच्या आत्ता बंद करायला हव्यात, तारा झिजल्यात, माणसं मरतील, तू सगळ्यांना फोन लाव, असं एका दमात बोलला. ताईनं त्याला स्टुलावर बसवायचा प्रयत्न केला. तो बसला, उठला, पुन्हा बसला. ती फोन लावत नाही हे पाहून त्यानं टांगलेले कपडे ओढायला सुरुवात केली. मग एक इस्त्री उचलून भिंतीवर मारली. भिंतीवरच्या आरशाचे तुकडे झाले. कामावरची बाई पळाली. ताईनं दवाखान्यात फोन केला. तिकडून सांगितलं, "मारहाण करत असेल तर आधी पोलिसांना बोलवा. आमची माणसं अशाला हात लावत नाहीत."

तिनं पोलिसांना फोन केला. "माझा भाऊ आजारी आहे, अंगानं मोठा आहे, अंगावर येतोय," असं ती म्हणाली. तो अंगावर येत नव्हता. पण तसं म्हटल्याशिवाय लवकर कुणी येत नाही, हे तिला आधीच्या अनुभवानं माहीत होतं.

तिघं आले. एक हवालदार, पोट सुटलेला, केस पांढरे, बोलायला मवाळ. एक शिपाईबाई, प्रशिक्षण संपवून नुकतीच रुजू झालेली. आणि गाडी चालवणारा ड्रायव्हर. ड्रायव्हर दारातच थांबला, कारण बाहेर बघे जमले होते.

हवालदारानं सुरुवात चांगली केली. "काय पैलवान, काय झालं?" म्हणाला. पैलवानानं त्याला तारांचं सांगितलं. हवालदार मान हलवत ऐकत होता. मग पैलवान एकाएकी दाराकडे निघाला. "मीच जाऊन बंद करतो" म्हणाला. ताई ओरडली, "धरा त्याला, बाहेर जाऊ देऊ नका, रस्त्यावर गाड्या आहेत." हवालदारानं दंड धरला. पैलवानानं झटका दिला आणि हवालदार इस्त्रीच्या टेबलावर आदळला. कंबरेत लागलं त्याच्या. त्यानंतर त्याचा चेहरा बदलला. तो राग होता की भीती, हे ताईला नंतर पुष्कळ जणांनी विचारलं. तिला सांगता आलं नाही.

दोघांनी मिळून पैलवानाला पालथं पाडलं, खाली पडलेल्या कपड्यांवरच. हात मागे घेतले. मनगटं इतकी जाड की बेड्या पहिल्याच खाचेत कशाबशा बसल्या. हवालदार त्याच्या पाठीवर बसला, एक गुडघा दोन्ही खांद्यांच्या मध्ये. शिपाईबाईनं पोटऱ्यांवर भार टाकून पाय धरले. ताई डोक्याशी उकिडवी बसली आणि त्याच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

"ताई, दम लागतोय," पैलवान म्हणाला.

"बोलतोय म्हणजे श्वास चालू आहे," हवालदार म्हणाला. त्याला स्वतःलाही धाप लागली होती.

मागे कपडे वाळवायचं यंत्र घरघरत होतं. शिपाईबाई म्हणाली, "साहेब, बेड्या लागल्यात. कुशीवर घेऊ या का?"

"हलवला की उठेल. तू पाय धर."

तिनं पाय धरले.

पैलवान अजून थोडं कण्हला, मग गप्प झाला. ताईला वाटलं, शांत झाला. मनातल्या मनात तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. पोलिसांनी बोलावलेली दवाखान्याची गाडी आली. तिच्यातला माणूस दारातूनच आत बघून म्हणाला, "उठा. आधी उठा बाजूला." त्याच्या आवाजावरून ताईला कळलं.

*

पुढचे महिने घरात एकच विषय. चौकशी झाली. हवालदार आणि शिपाईबाई दोघांना निलंबित केलं. शवविच्छेदनात निघालं की छाती-पाठीवरच्या दाबानं श्वास कोंडला, आणि पैलवानचं हृदयही आधीपासून वाढलेलं होतं. लाँड्रीत कॅमेरा होता. त्यात कोण कुठं बसलंय ते दिसत होतं, पण आवाज नव्हता. ड्रायव्हरनं जबाब दिला, "मी गर्दीकडे तोंड करून उभा होतो." कॅमेऱ्यात तो दोनदा वळून बघताना दिसत होता. पण वळून बघणं हा गुन्हा नाही.

आईचे थोरले भाऊ, म्हणजे मामा, रोज संध्याकाळी यायचे. मामांची सगळी नोकरी कोर्टात टायपिंगमध्ये गेली. न्यायाधीश बोलायचे आणि मामा टाइप करायचे. निवृत्त झाल्यावर मामाच न्यायाधीशांसारखं बोलू लागले, अशी घरात चेष्टा होती. पण त्या दिवसांत आईनं त्यांचं सगळं ऐकून घेतलं, कारण दुसरं कुणी तिच्याशी बोलायलाच धजत नव्हतं.

"मारायचा हेतू नव्हता," मामा म्हणाले. "हेतू नाही म्हणजे खून नाही."

"दादा, मग माझं पोर काय आपलं आपण मेलं?"

"तसं नाही गं. मधे पायऱ्या असतात."

"घाल त्या पायऱ्या चुलीत. जो अंगावर बसला त्यानं मारलं. जिनं पाय धरले तिनं मारलं. दारात उभा राहिला त्यानंही."

"तो दारात काय करणार होता?"

"आत येणार होता," आई म्हणाली.

मामा चष्मा पुसत बसले.

सरकारी वकील एक बाई होत्या. त्यांची खोली कोर्टाच्या मागच्या अंगाला, अर्धी खोली फायलींनी भरलेली. भेटायला येणाऱ्यासाठी एकच खुर्ची, आणि तिचाही एक पाय आखूड, त्यामुळे बसलेल्या माणसाला सतत तोल सांभाळावा लागे. ताई तशीच तोल सांभाळत बसली होती. वकीलबाईंनी तिला समजावून सांगितलं, पाठ करून म्हटल्यासारखं नाही, तर नीट तिच्या तोंडाकडे बघत.

"आपल्यापुढं दोन वाटा आहेत. पहिली अशी, की यानं माणूस मरेल हे त्यांना कळायला हवं होतं, पण कळलं नाही. हा निष्काळजीपणा. शिक्षा थोडी, कधी दंडावरही निभावतं. दुसरी अशी, की मरू शकतो हे त्यांना कळत होतं, तरी ते उठले नाहीत. तो सदोष मनुष्यवध. दोन्हींत फरक काय तो जाणिवेचा. कॅमेऱ्यात गुडघा दिसतो, जाणीव दिसत नाही. हवालदार म्हणणार, मला वाटलं माणूस दमून गप्प झाला. हे खोटं आहे असं मी कशाच्या जोरावर म्हणू?"

ताई म्हणाली, "त्या मुलीनं त्यांना सांगितलं होतं."

"कुठल्या मुलीनं?"

"पाय धरले होते तिनं. कुशीवर घेऊ या का, असं विचारलं होतं. ते नको म्हणाले."

वकीलबाईंनी लिहिणं थांबवलं. "हे पहिल्या जबाबात का नाही?"

"कुणी विचारलं नाही. पैलवान काय बोलला ते विचारलं, हवालदार काय बोलले ते विचारलं. आणि मला वाटलं, ती तर चांगलंच बोलली होती. तक्रारीत चांगलं कशाला सांगायचं?"

"चांगलंच बोलली," वकीलबाई म्हणाल्या. "आणि त्यामुळंच अडकणार."

ताईला समजलं नाही. वकीलबाईंनी उलगडून सांगितलं. हवालदाराला धोका सांगितला गेला होता, तरी तो उठला नाही, म्हणजे त्याला जाणीव होती. त्याच्याविरुद्ध याहून मोठा पुरावा नाही. पण विचारणाऱ्या मुलीला ती जाणीव त्याच्याही आधी होती. पालथा ठेवला तर माणूस गुदमरतो, हे तिला कळत होतं म्हणून तर तिनं विचारलं. आणि कळत असूनही शेवटपर्यंत पाय धरून ठेवले.

"तिनं विचारलंच नसतं तर?"

"तर ती अडाणी ठरली असती. निष्काळजी. बहुतेक सुटली असती."

ताई म्हणाली, "म्हणजे मी खरं सांगितलं तर तिचंही वाटोळं, आणि नाही सांगितलं तर तोही सुटतो."

"मी तुम्हाला काय सांगा आणि काय नको, हे सांगू शकत नाही," वकीलबाई म्हणाल्या. "विचारलं जाईल, एवढं सांगते."

घरी येऊन ताईनं हे सगळं आईला आणि मामांना सांगितलं.

"कायदा बरोबर आहे," मामा म्हणाले. "पण ऐकायला उलटा वाटतो खरा. ज्याला अक्कल नाही तो सुटणार, आणि जिला होती ती अडकणार."

"अक्कल होती तर उठायचं होतं," आई म्हणाली.

"अगं, वरिष्ठ बसलेला असताना? परवाच नोकरीला लागलेली पोर."

"मग पोलीस कशाला झाली? होला हो करायचं तर घरी बसूनही करता येतं."

"आई," ताई म्हणाली, "मीही उठले नाही. मी तर त्याच्या तोंडाशी होते. हवालदारांना ढकललं असतं तर?"

आईनं तिच्याकडे पाहिलं. "तू कुणाच्या अंगावर बसली नव्हतीस."

"'धरा' मी म्हणाले होते. 'अंगावर येतोय' असंही मीच म्हणाले होते."

आई उठून आत गेली. भांड्यांचा आवाज आला, पण घासायला भांडी नव्हती.

*

सुनावणी जवळ आल्यावर एका दुपारी शिपाईबाई लाँड्रीत आली. साध्या कपड्यांत होती. ताईनं तिला पटकन ओळखलं नाही. गणवेशाशिवाय ती फारच लहान दिसत होती. काउंटरपाशी येऊन उभी राहिली. मागे दोन गिऱ्हाइकं होती, ती जाईपर्यंत थांबली. जिथं पैलवान पडला होता, तिकडे तिनं एकदाही पाहिलं नाही.

"मी यायला नको होतं, माहीत आहे," ती म्हणाली. "पण एक विचारायचं होतं. दुसरं कुणी सांगणारं नाही."

ताईनं हातातला शर्ट खाली ठेवला नाही.

"ताई, मी विचारलं होतं ना? कुशीवर घेऊ या का म्हणून?"

"का? तुम्हाला आठवत नाही?"

"मला आठवतंय. पण साहेब म्हणतात तू काही बोलली नाहीस. आमचा वकील एकच आहे, त्याचा खर्चही साहेबच करतात. तो म्हणतो, दोघांनी सांगायचं, कुणी काही बोललं नाही, यंत्राचा आवाज होता. रोज तेच ऐकून आता मला वाटायला लागलंय की मी नुसतं मनात म्हणाले. घरी मी हे शंभरदा बोलून बघितलं. आवाज बाहेर आला होता का, तेवढंच सांगा."

"आला होता," ताई म्हणाली. "मी ऐकलं."

शिपाईबाईनं काउंटरची कड धरली. जरा वेळानं म्हणाली, "बरं झालं."

"काय बरं झालं?" ताईचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "विचारलंत ना? मग उठला का नाहीत? तुम्ही नुसते पाय सोडले असते, तर तो अंग फिरवू शकला असता. एवढा मोठा होता तो. त्यानं त्यांना सहज पाडलं असतं."

"म्हणूनच नाही सोडले," ती म्हणाली. "साहेबांना पाडेल म्हणूनच. मला वाटलं, सोडले आणि साहेबांना लागलं, तर माझं काय होईल."

हे तिनं लपवलं नाही, रडलीही नाही. एखादी गोष्ट खूपदा उलटसुलट करून पाहिलेली असली की माणूस जसं बोलतं, तसं बोलली. मग म्हणाली, "तुम्ही कोर्टात सांगणार?"

"तुम्हाला काय हवंय?"

"मला माहीत असतं तर मी इथं आले नसते," ती म्हणाली आणि निघून गेली.

संध्याकाळी ताईनं हे सांगितल्यावर मामा म्हणाले, "पाय धरायला आली असेल." बोलल्यावर त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी जीभ चावली. मग मामांनीच बजावलं, आरोपी साक्षीदाराला भेटली हे लपवलंस तर उद्या तुझ्यावरच उलटेल. दुसऱ्या दिवशी ताईनं वकीलबाईंना सगळं सांगून टाकलं. वकीलबाई वैतागल्या, पण त्यांनी ते कोर्टाच्या कानावर घातलं.

*

साक्षीच्या दिवशी आई पहिल्यांदाच कोर्टात आली. पुढच्या बाकावर बसली, हात मांडीवर. हवालदार आरोपीच्या जागी उभा होता. तो इतका वाळला होता की गळपट्टी सैल झाली होती. त्याची बायको मागे बसली होती. ड्रायव्हर साक्षीदार म्हणून आला होता. त्यानं "मी गर्दीकडे बघत होतो" एवढं सांगितलं आणि तो मोकळा झाला.

बचावाच्या वकिलानं ताईला आधी फोनचं ध्वनिमुद्रण ऐकवलं. स्वतःचा आवाज ऐकून तिला ओशाळल्यासारखं झालं.

"'अंगावर येतोय' असं तुम्ही म्हणालात. येत होता का?"

"नाही."

"म्हणजे खोटं बोललात."

"हो. लवकर यावेत म्हणून."

"पोलीस त्या माहितीवर विसंबून आले. बरोबर? 'धरा त्याला' हेही तुम्हीच म्हणालात."

"हो."

"म्हणजे तुमच्याच सांगण्यावरून धरलं. आणि तो गप्प झाल्यावर तुम्ही काय केलंत?"

ताई थांबली. समोर आई होती. "काही नाही," ती म्हणाली. "मला वाटलं शांत झाला. बरं वाटलं मला."

"तुम्ही त्याची सख्खी बहीण. त्याच्या तोंडाशी बसलेल्या. तुम्हाला कळलं नाही तो गुदमरतोय. मग पाठीवर बसलेल्या माणसाला कळायलाच हवं होतं, असं तुमचं म्हणणं आहे?"

वकिलानं हा प्रश्न न विचारताच बसायला हवं होतं, असं मामा नंतर म्हणाले. कारण ताईनं मान वर केली आणि म्हणाली, "मला कुणी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं होतं."

मग तिनं ऐकलेले शब्द जसेच्या तसे सांगितले. शिपाईबाईचे आणि हवालदाराचेही. वकिलानं यंत्राच्या आवाजाचं विचारलं. ती म्हणाली, यंत्र रोजचं आहे, त्याच्यावरून मी गिऱ्हाइकाशी रोज बोलते. वकिलानं विचारलं, आरोपी तुम्हाला भेटायला आली, तेव्हा हे ठरलं का? ती म्हणाली, ठरवायचं असतं तर तिनं मला नको सांगू म्हटलं असतं.

शिपाईबाईची पाळी आली तेव्हा त्याच वकिलानं तिला फक्त एवढंच विचारलं, की तुम्हाला काही सांगायचं आहे का. तिनं "नाही" म्हणायचं ठरलं होतं. ती हवालदाराकडे बघत नव्हती.

"मी विचारलं होतं," ती म्हणाली. "साहेब नको म्हणाले. मी पाय धरून ठेवले."

वकिलानं फाईल मिटली. हवालदारानं डोळे मिटले. त्याच्या तोंडावर राग नव्हता. वाट बघून थकलेल्या माणसाची बस निघून जावी तसा तो दिसत होता. न्यायाधीशांनी तिला विचारलं, "पालथं ठेवलं तर धोका असतो, हे तुम्हाला माहीत होतं?"

"प्रशिक्षणात सांगितलं होतं. बेड्या लागल्या की कुशीवर."

"मग तुम्ही पाय का सोडले नाहीत?"

"मला साहेबांची भीती वाटली," ती म्हणाली. "तो मरेल याची कमी वाटली."

निकाल लागायला पुढं बराच काळ गेला. दोघंही सदोष मनुष्यवधाचे दोषी ठरले. न्यायाधीशांनी लिहिलं होतं की हुकूम हे कायदेशीर गोष्टीला संरक्षण आहे, माणूस गुदमरत असताना त्याला दाबून ठेवण्याला नाही. आणि जिला धोका ठाऊक होता ती तो ठाऊक नसल्यासारखी वागली, म्हणून ती निर्दोष होत नाही. मात्र तिनं धोका बोलून दाखवला होता आणि खरं सांगितलं, म्हणून तिला कमी शिक्षा. हवालदाराला जास्त. मामांनी परत परत मान हलवली. "एकेक शब्द बरोबर आहे," ते म्हणाले, पण त्यांच्या आवाजात नेहमीचं समाधान नव्हतं.

व्हरांड्यात दोन पोलीस बायका शिपाईबाईला घेऊन निघाल्या होत्या. एकीनं तिच्या दंडाला नुसतं बोट लावलं होतं. आई भिंतीशी उभी होती. ती पुढं झाली. ताईला वाटलं, आता ही काहीतरी वाईट बोलणार. तिनं आईची बाही धरली, पण आईनं ती सोडवून घेतली.

"थांब गं जरा," आई म्हणाली. पोलीस बायका थांबल्या.

आई त्या मुलीच्या अगदी जवळ गेली. "आत सगळे पाठीचं विचारत होते. तू पाय धरले होतेस. तुला कधी कळलं?"

मुलीला प्रश्न समजला.

"पाय जड झाले तेव्हा."

"गाडी यायच्या आधी?"

"आधी."

"आणि मग?"

"मग तशीच धरून होते. सोडले तर सगळ्यांना कळेल असं वाटलं."

आईनं मान हलवली. तिला हवं होतं ते मिळालं होतं, की नको होतं ते, हे तिच्याकडे बघून कळत नव्हतं. जाताना तिनं मुलीचा गालावर आलेला केस बोटानं मागे सारला आणि लगेच हात झटकून पदराला पुसला, जणू नकळत कशाला तरी हात लागला होता.

बसमध्ये मायलेकी शेजारी बसल्या. बरेच थांबे मागे गेले.

"ती पोर खोटं बोलली असती तर बरं झालं असतं," आई मग म्हणाली.

"कुणाला?"

"मला."

आई खिडकीबाहेर बघत म्हणाली, "हवालदार वरच्या कोर्टात जाणार म्हणे."

"जाणार. वकीलबाई म्हणाल्या, माझे शब्द तिथं पुन्हा उकरून काढतील. मी खोटी आहे असं म्हणतील."

"म्हणू देत. तू म्हणालीस ना त्यांना, बरं वाटलं म्हणून? पैलवान गप्प झाल्यावर?"

इतके दिवस आई त्यावर एक अक्षर बोलली नव्हती. "म्हणाले," ती म्हणाली.

"मला घरात भिंतीपलीकडून त्याचा आवाज येत होता त्या दिवशी. तो थांबला तेव्हा मी पण म्हटलं, सुटलो." आईनं पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. "हे मी दादाला सांगितलं नाही. त्याला त्याची पण पायरी सापडायची."

ताईला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळे भरले. तिनं आईचा हात हातात घेतला. आईनं तो राहू दिला. पुढच्या थांब्यावर गर्दी चढली, आणि उभ्या असलेल्या एका बाईला जागा देण्यासाठी दोघी सरकून बसल्या.